भीमसेनी कापूर खरा की कारखान्यातला: कायरल जीसीवर पीक सुटत नाहीत

तपासणीस

एका औषध बनवणाऱ्याकडून 'भीमसेनी कापूर' या नावाने नमुना आला आहे. ओबडधोबड, अर्धपारदर्शक खडे, वास तीव्र. त्यांना दोन प्रश्नांची लेखी उत्तरं हवी आहेत. हा खरंच भीमसेनी आहे का? आणि झाडापासून काढलेला आहे की कारखान्यात बनवलेला?

आतापर्यंत झालेलं काम असं. ५ टक्के फिनाइल असलेल्या साध्या सिलिकोन कॉलमवर जीसी-एमएस केलं (वायूच्या प्रवाहात घटक वेगळे करून प्रत्येकाचा वस्तुमान वर्णपट घेणं). क्षेत्रफळानुसार कापूर ९६.८ टक्के, आयसोबोर्निऑल १.१, बोर्निऑल ०.६, कॅम्फीन ०.५, बाकी किरकोळ. पोलारिमीटरवर (१०० मिलि इथेनॉलमध्ये १० ग्रॅम, २५ °से., सोडियमचा प्रकाश) विशिष्ट वलन (पदार्थ ध्रुवित प्रकाश किती वळवतो ते) +३.०° आलं.

मग कायरल कॉलम लावला, म्हणजे एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं असलेली उजवी (+) आणि डावी (−) रूपं वेगळी करणारा. परमिथिलेटेड बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन (साखरेच्या घटकांचं पोकळ कडं), ३० मीटर × ०.२५ मिमी, थर ०.२५ मायक्रोमीटर. हेलियम मिनिटाला १ मिलि. द्रावण ५ मिग्रॅ प्रति मिलि, इंजेक्शन १ मायक्रोलिटर, स्प्लिट १:२० (म्हणजे विसातला एक भागच कॉलमवर), इनलेट (नमुना सोडायची तापलेली जागा) २५० °से. ओव्हन ६० पासून मिनिटाला ५ अंशांनी २०० पर्यंत. कापराचं एकच रुंद पीक (आलेखातला उंचवटा) येतं. पुढची बाजू तिरकी, मागची एकदम उभी आणि माथ्याजवळ एक खांदा.

कॉलम चुकीचा आहे की पद्धत? एमएसची लायब्ररी दोन्ही रूपांना एकच नाव देते, मग उजवा कोणता आणि डावा कोणता हे ठरवायचं कसं? आणि +३.० वलनावरून 'सुमारे ७ टक्के नैसर्गिक' असं लिहिलं तर चालेल का?

काचनळी

कायरल कॉलमकडे जाण्याआधी साध्या कॉलमचा अहवाल पुन्हा वाचा. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

भीमसेनी किंवा बरास कापूर म्हणजे सुमात्रा, बोर्निओ, मलाया या भागांतल्या ड्रायोबॅलनॉप्स ॲरोमॅटिका या प्रचंड वृक्षाच्या लाकडात साठणारे स्फटिक. सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बारूस बंदरावरून ते 'बरास' झालं. रासायनिकदृष्ट्या तो कापूर नव्हेच, ते (+)-बोर्निऑल आहे. कापूर हा कीटोन, बोर्निऑल हा अल्कोहोल. तुमच्या नमुन्यात बोर्निऑल ०.६ टक्के आहे. म्हणजे 'भीमसेनी' हे नाव इथेच गळून पडलं, त्यासाठी कायरल कॉलमची गरजच नाही. बाजारात या नावाने जे मिळतं त्यात साधा कापूरच मोठ्या खड्यांत जमवलेला असणं फार सामान्य आहे.

आता दुसरा प्रश्न. हा कापूर सिनॅमोमम कॅम्फोरा या झाडाचा की टर्पेंटाइनपासून केलेला? इथे कायरल माहिती लागते, पण ती कशासाठी लागते हे समजून घ्या.

कारखान्यातला रस्ता असा: टर्पेंटाइनमधलं अल्फा-पायनीन, त्यापासून आम्लधर्मी टायटॅनियम डायऑक्साइडवर कॅम्फीन, त्यावर ॲसेटिक आम्ल घालून आयसोबोर्निल ॲसिटेट, त्याचं आयसोबोर्निऑल, आणि शेवटी तांब्याच्या उत्प्रेरकावर हायड्रोजन काढून कापूर. पायनीन मुळात प्रकाशसक्रिय असलं तरी कॅम्फीनच्या टप्प्यावर कार्बन-धनायन तयार होतो. त्यात हायड्राइड आणि मिथिल गट जागा बदलतात आणि एका रूपाचं दुसरं रूप होतं. म्हणून बाहेर पडणारा कापूर रेसिमिक (दोन्ही रूपं निम्मी-निम्मी) किंवा जवळजवळ रेसिमिक असतो. झाडात मात्र एन्झाइम एकच रूप बनवतं. कापराच्या झाडात ते (+), म्हणजे (१आर,४आर).

यापेक्षाही बोलका पुरावा तुमच्याकडे आहे: आयसोबोर्निऑल १.१ टक्के. झाड बोर्निल डायफॉस्फेटवरून एंडो (सांगाड्याच्या लहान पुलाच्या विरुद्ध) बाजूचं बोर्निऑल बनवतं आणि त्याचा कापूर करतं. कारखान्यात ॲसेटिक आम्ल एक्सो (पुलाकडच्या) बाजूने जोडलं जातं, त्यामुळे आयसोबोर्निऑल बनतं आणि शेवटच्या टप्प्यात न बदललेलं थोडं उरतं. कापरात बोर्निऑलपेक्षा आयसोबोर्निऑल जास्त दिसलं, सोबत कॅम्फीन असलं, की तो टर्पेंटाइनच्या रस्त्याचा ठसा समजा. फक्त ओळख पक्की करा. साध्या ५ टक्के फिनाइल कॉलमवर धारण निर्देशांक (अल्केनच्या तुलनेत पदार्थ कधी निघतो त्याचा आकडा) कापराचा ११४१, आयसोबोर्निऑलचा ११५५, बोर्निऑलचा ११६५ च्या आसपास येतो. कॅम्फीन हायड्रेट ११४५ ला, म्हणजे कापराच्या पाठीलाच चिकटून निघतं. अल्केनची मालिका सोबत चालवा. आयसोबोर्निऑल आणि बोर्निऑल यांचे वस्तुमान वर्णपट इतके सारखे असतात (दोघांतही ९५ चा आयन सर्वांत मोठा, मग ११०) की केवळ लायब्ररीवर विसंबलात तर नावं उलटी पडतील.

सावकाश

वरची रसायनं बरोबर आहेत. मी पद्धतीबद्दल लिहितो, कारण तुमच्या क्रोमॅटोग्राममध्ये एकावर एक तीन चुका चढल्या आहेत.

पहिली चूक भाराची. १ मायक्रोलिटर, ५ मिग्रॅ प्रति मिलि, स्प्लिट १:२०, म्हणजे कॉलमवर २५० नॅनोग्रॅम कापूर गेला. पुढची बाजू तिरकी आणि मागची उभी हे अतिभाराचं चिन्ह. सायक्लोडेक्स्ट्रिनच्या पोकळ्या मोजक्याच असतात. त्या भरल्या की उरलेले रेणू नुसत्या सिलिकोनच्या आधाराने पुढे सरकतात, आणि सिलिकोनला उजवं-डावं कळत नाही. म्हणून अतिभाराने पीक रुंद तर होतंच, शिवाय निवडही (दोन रूपं वेगळी धरण्याची क्षमता) मरते. द्रावण १ मिग्रॅ प्रति मिलि करा, स्प्लिट १:१०० ठेवा. कॉलमवर १० नॅनोग्रॅम जातील. एफआयडीला (ज्योतीवर चालणाऱ्या शोधकाला) तेवढे भरपूर होतात.

दुसरी चूक तापमानाची. दोन रूपांच्या पोकळीतल्या बसण्यातला ऊर्जेचा फरक अगदी लहान असतो आणि तापमान चढतं तसा तो आणखी पुसट होतो. मिनिटाला ५ अंशांनी गेलात तर कापूर निघेपर्यंत ओव्हन नको तितका तापलेला असतो. मिनिटाला १ ते २ अंश एवढ्यावर या, नाहीतर सरळ एका स्थिर तापमानावर चालवा. मी सुचवेन: ६० °से. वर १ मिनिट, मग मिनिटाला १.५ अंशांनी १२५ पर्यंत, मग मिनिटाला १५ अंशांनी २०० वर नेऊन ५ मिनिटं. शेवटचा टप्पा जड घाण काढण्यासाठी. सायक्लोडेक्स्ट्रिन कॉलमची कमाल मर्यादा साधारण २२० ते २३० °से. असते. तुमच्या कॉलमच्या पट्टीवर लिहिलेला आकडा पाळा.

फायदा किती होतो ते आकड्यांत पाहा. रिझोल्यूशन (दोन पीक किती सुटले त्याचं माप) म्हणजे प्लेट-संख्येच्या (कॉलमच्या कार्यक्षमतेच्या मापाच्या) वर्गमुळाचा चौथा भाग, गुणिले निवड-गुणांकाचा भाग, गुणिले धारणेचा (पदार्थ कॉलममध्ये किती थांबतो त्याचा) भाग. १,००,००० प्लेट आणि धारण-गुणांक ५ धरला तर निवड १.०२ असताना रिझोल्यूशन सुमारे १.३ येतं. निवड १.०३ झाली की १.९. म्हणजे निवडीत शंभरातला एक भाग वाढला की अर्धवट चिकटलेली जोडी बेसलाइनपर्यंत सुटते. कॉलमची लांबी दुप्पट केली तर फक्त १.४ पट फायदा होतो आणि वेळ दुप्पट जातो. म्हणून आधी तापमान, मग कॉलमचा प्रकार, आणि लांबी सगळ्यांत शेवटी.

तिसरी गोष्ट कॉलमचा प्रकार. परमिथिलेटेड बीटा हा सर्वसाधारण कामाचा कॉलम, पण कापराची जोडी त्यावर जेमतेम सुटते. कापूर, कार्व्होन यांसारख्या कीटोनसाठी २,३-डाय-ॲसिटिल-६-टर्ट-ब्यूटिलडायमिथिलसिलिल प्रकारचा बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन बहुधा अधिक चांगलं काम करतो. लिनॅलूल, लिमोनीन यांच्यासाठी डाय-इथिल किंवा डाय-मिथिल प्रकार बरे. सगळ्यांना चालणारा एक कायरल कॉलम अस्तित्वात नाही. आधी आहे त्या कॉलमवर भार आणि तापमान सुधारून पाहा, मगच नवीन मागवा.

वाहक वायू: हेलियमचा रेषीय वेग सेकंदाला २५ ते ३० सेंमी ठेवा. हायड्रोजन चालत असेल तर ४० ते ५० सेंमी. हायड्रोजनवर तीच जोडी कमी तापमानाला आणि कमी वेळात निघते, म्हणून कायरल कामाला तो खरोखर सरस. ओव्हनमध्ये गळती-संवेदक बसवलेला असेल तरच वापरा.

इनलेट २५० वरून २२० वर आणा. कापराला फरक पडत नाही, पण आयसोबोर्निऑल तापलेल्या, मळलेल्या लायनरमध्ये (इनलेटमधल्या काचेच्या नळीत) पाणी गमावून कॅम्फीन होतं. मग तुमचा ०.५ टक्के कॅम्फीन नमुन्यातला की इनलेटमधला, हा वाद उभा राहील. नवा निष्क्रिय केलेला लायनर लावा आणि आयसोबोर्निऑलचं शुद्ध द्रावण एकदा चालवून कॅम्फीन दिसतं का ते बघा.

आता उजवा-डावा ओळखण्याबद्दल. एकमेकांच्या प्रतिबिंबांचे वस्तुमान वर्णपट सारखेच असतात, तिथे लायब्ररी काहीही सांगू शकत नाही. कोणत्या तरी निबंधात '(+) आधी निघतो' असं वाचून तसं लिहूही नका. सायक्लोडेक्स्ट्रिनवरचे गट बदलले की क्रम उलटू शकतो. क्रम तुमच्याच कॉलमवर ठरवायचा. बाजारात रेसिमिक कापूर, (१आर)-(+)-कापूर आणि (१एस)-(−)-कापूर तिन्ही मिळतात. याच क्रमाने चालवा:

१. कोरं द्रावक.
२. रेसिमेट. दोन पीक, क्षेत्रफळ ५०:५० च्या अर्ध्या टक्क्यात. तसं येत नसेल तर पुढे जाऊ नका.
३. शुद्ध (+).
४. नमुना, तीन इंजेक्शनं.
५. नमुन्यात थोडा शुद्ध (+) मिसळून. जे पीक वाढेल ते (+).

एक मोठी सोय अशी की एफआयडी दोन्ही रूपांना सारखाच प्रतिसाद देतो. त्यामुळे या प्रमाणासाठी कॅलिब्रेशन वक्र लागत नाही, क्षेत्रफळांचं गुणोत्तर थेट वापरता येतं.

नमुना घेताना: खडे एकसारखे नसतात. निरनिराळ्या आठ-दहा खड्यांतून तुकडे घ्या. कापूर खलात चिकटतो, त्याची भुकटी होत नाही. इथेनॉलचे चार-दोन थेंब टाकून घोटला की होते. ५० मिग्रॅ झाकणाच्या बाटलीत पटकन तोला, कारण तो उघड्यावर उडतो, आणि हेक्झेन किंवा इथिल ॲसिटेटने ५० मिलि करा.

द्रावक

थोडा वेगळा प्रश्न. पाण्यात टाकून बघणे, जाळून बघणे, या घरगुती चाचण्यांना काही अर्थ आहे का? ग्राहक त्याच सांगत येतात. आणि कार्बन-१४ ने नैसर्गिक-कृत्रिम सरळ ठरवता येणार नाही का? व्हॅनिलिनसाठी ते करतात.

अत्तरवेध

जाळण्याची चाचणी निरुपयोगी. कापूर झाडाचा असो वा कारखान्याचा, तो मागे काही न ठेवता उडतो आणि जळतो. मागे काही उरलं तर कोणीतरी मीठ किंवा मेण मिसळलंय एवढंच कळतं.

पाण्याच्या चाचणीत तथ्याचा अंश आहे. बोर्निऑलची घनता १.०१, कापराची ०.९९. म्हणून शुद्ध बोर्निऑल बुडतो आणि कापूर तरंगतो. पण फरक दोन टक्क्यांचा आहे. खड्याच्या भेगेत हवा अडकली की बोर्निऑलही तरंगेल. त्यापेक्षा वितळणबिंदू घ्या: कापूर सुमारे १७९, बोर्निऑल २०८, आयसोबोर्निऑल २१२ च्या वर. नळी दोन्ही टोकांना वितळवून बंद करा, नाहीतर वितळण्याआधीच पदार्थ उडून वर जाऊन बसेल.

कार्बन-१४ इथे फसवं आहे, आणि हे आवर्जून लक्षात ठेवण्यासारखं आहे. पेट्रोलियमपासून केलेलं व्हॅनिलिन त्याने पकडता येतं, कारण त्यातला कार्बन-१४ कधीच संपलेला असतो. कारखान्यातला कापूर पाइनच्या टर्पेंटाइनपासून होतो, म्हणजे त्याचा कार्बन ताज्या झाडाचाच. चाचणी '१०० टक्के जैविक' म्हणेल आणि विकणारा ते प्रमाणपत्र दाखवत फिरेल. म्हणूनच या पदार्थात कायरल प्रमाण आणि उपपदार्थ यांना पर्याय नाही.

वलनाबद्दल: अमेरिकन फार्माकोपियात नैसर्गिक कापराचं वलन +४१° ते +४३° दिलं आहे. पोलारिमीटर एकच एकूण आकडा देतो. नमुन्यात (+)-बोर्निऑल असेल (त्याचं वलन +३७ च्या आसपास) तर तेही त्यात मिसळतं. मिश्रण करणाऱ्याला दुसरा एखादा उजवा पदार्थ घालून हवा तो आकडा आणता येतो. कायरल जीसी प्रत्येक पदार्थाचं प्रमाण वेगळं देतं, तिथे ही लबाडी चालत नाही.

पुढे कधी खरोखर बोर्निऑलचा नमुना आला तर त्याची तपासणी जास्त नाजूक असते. ड्रायोबॅलनॉप्सचा (+)-बोर्निऑल. ब्लूमिया बाल्समिफेराच्या पानांपासून मिळतो तो (−). कापराचं क्षपण करून (त्यात परत हायड्रोजन घालून) केलेल्या बोर्निऑलमध्ये आयसोबोर्निऑल येतंच. सोडियम बोरोहायड्राइड वापरलं तर मुख्य पदार्थच आयसोबोर्निऑल होतो, कारण हायड्राइड मोकळ्या एंडो बाजूने येतं. चिनी फार्माकोपियात हे तिन्ही वेगळे नोंदले आहेत: कृत्रिमात बोर्निऑल किमान ५५ टक्के, नैसर्गिक उजव्यात किमान ९६, डाव्यात किमान ८५.

मुक्त अल्कोहोल काही कायरल कॉलमवर शेपटी सोडतात आणि नीट सुटत नाहीत. तेव्हा ॲसिटेट करून पाहा. ५ मिग्रॅ नमुना, ०.२ मिलि पिरिडीन, ०.२ मिलि ॲसेटिक ॲनहायड्राइड, चिमूटभर डीएमएपी (उत्प्रेरक), ६० °से. वर १ तास. थंड झाल्यावर १ मिलि हेक्झेन, मग पाण्याने, ५ टक्के सोडियम बायकार्बोनेटने आणि पुन्हा पाण्याने धुवा, निर्जल सोडियम सल्फेटवर सुकवा. ॲनहायड्राइड आणि ओल कॉलमवर जाता कामा नये, त्याने थर खराब होतो. आयसोबोर्निऑलचा हायड्रॉक्सिल मिथिल गटांच्या अडचणीत असल्याने हळू प्रक्रिया करतो. अर्धवट सोडलंत तर बोर्निऑल-आयसोबोर्निऑल हे प्रमाण चुकेल. उजव्या-डाव्याचं प्रमाण मात्र चुकणार नाही, कारण अभिकर्मक स्वतः कायरल नाही. आम्ल उत्प्रेरक अजिबात नको. आम्लात हाच सांगाडा धनायन होऊन स्वतःच रेसिमिक होऊ लागतो आणि तुम्ही नमुन्यावर केलेला अत्याचार नमुन्याचा दोष म्हणून अहवालात जाईल.

कापराच्या बाबतीत ही भीती नाही. त्याची दोन्ही कायरल केंद्रं पुलाच्या टोकांना आहेत. कीटोनशेजारच्या कायरल कार्बनवर हायड्रोजनच नाही आणि दुसऱ्या बाजूचा कार्बन कायरल नाही, त्यामुळे ईनॉल होऊनही रूप पालटत नाही. लिनॅलूलसारखं नाही हे. ते आम्लधर्मी पाण्यात जास्त वेळ ऊर्ध्वपातित केलं तर अंशतः रेसिमिक होतं, म्हणून युरोपीय फार्माकोपिया लॅव्हेंडर तेलात (एस)-लिनॅलूलला १२ टक्क्यांपर्यंत सूट देतो पण (एस)-लिनॅलिल ॲसिटेटला फक्त १ टक्का. दर पदार्थाचा कस असा वेगळा असतो, हे सूट ठरवताना ध्यानात घ्यावं लागतं.

तपासणीस

सुचवलं तसं केलं. परमिथिलेटेड कॉलमवर १० नॅनोग्रॅम भार आणि १.५ अंशांचा वेग ठेवल्यावर रेसिमेटचे दोन पीक दिसू लागले, रिझोल्यूशन १.१. मग डाय-ॲसिटिल प्रकारचा कॉलम मिळाला, त्यावर २.०. रेसिमेट ५०.२ : ४९.८. शुद्ध (+) मिसळल्यावर वाढलेलं पीक नक्की झालं.

नमुना, तीन इंजेक्शनांची सरासरी: (+) ५३.६, (−) ४६.४. तिन्हींतला फरक ०.२ च्या आत.

दोन शंका. १.१ रिझोल्यूशनवर परमिथिलेटेड कॉलमने ५४.३ : ४५.७ दिलं. हा फरक कशाचा? आणि कापराच्या दोन पिकांखाली दुसरं काही लपलं नाही याची खात्री कशी करू?

सावकाश

फरक उभी रेघ टाकून क्षेत्रफळ वाटण्याचा. पीक बेसलाइनपर्यंत सुटलेले नसतील तर सॉफ्टवेअर दरीच्या तळाशी उभी रेघ मारतं आणि एकाची शेपटी दुसऱ्याच्या खात्यात टाकतं. जवळजवळ सारख्या पिकांत ही चूक लहान राहते, तुमच्याकडे ०.७ आली. पण ९८ : २ सारख्या नमुन्यात लहान पीक मोठ्याच्या शेपटीवर बसलं तर २ चे ४ होतात किंवा पीक गायब होतं. नैसर्गिक पदार्थांत हीच परिस्थिती नेहमीची. म्हणून जमलं तर ज्या कॉलमवर कमी असलेलं रूप आधी निघतं तो निवडावा. अहवालात २.० रिझोल्यूशनचाच आकडा द्या.

लपलेल्या पदार्थाची खात्री अशी: तोच कायरल कॉलम एमएसला जोडा आणि ९५, १०८ व १५२ या आयनांची गुणोत्तरं दोन्ही पिकांत चढावर, माथ्यावर आणि उतारावर मोजा. दोन्ही पीक शुद्ध कापराचे असतील तर सहाही ठिकाणी गुणोत्तरं सारखी येतील. ११० किंवा १३६ चा आयन एका पिकात जास्त दिसला तर अल्कोहोल किंवा टर्पीन खाली दडलं आहे. मग तापमानाचा वेग थोडा बदलून बघा, कापूर आणि दुसरा पदार्थ एकाच प्रमाणात सरकत नाहीत. गुंतागुंतीच्या तेलात एवढ्याने भागत नाही. तिथे साध्या कॉलमवरून कापराचाच तुकडा कापून कायरल कॉलमवर सोडणारी दोन-कॉलमची व्यवस्था लागते. तुमच्या ९७ टक्के कापराला ती नको.

त्याच क्रोमॅटोग्राममध्ये आयसोबोर्निऑल आणि कॅम्फीनच्या जोड्याही पाहा. सुटत असतील तर त्यांचं प्रमाणही नोंदवा. त्यासाठी एक वेगळं, जास्त तीव्र द्रावण लागेल, म्हणजे कापूर अतिभारित झाला तरी चालेल पण १ टक्क्याचे पीक मोजता येतील.

काचनळी

तुमचा आकडा वलनाशी किती चांगला जुळतो ते पाहा. ५३.६ वजा ४६.४, म्हणजे (+) चा जादा हिस्सा ७.२ टक्के. ४२ चे ७.२ टक्के म्हणजे +३.०. दोन वेगळ्या तत्त्वांवरच्या मोजण्या एकाच जागी आल्या, म्हणजे वलनात तिसऱ्या उजव्या पदार्थाची भेसळ नाही.

आता 'सुमारे ७ टक्के नैसर्गिक' हे वाक्य. ते लिहू नका. गणित सरळ आहे: (−) ४६.४ टक्के असेल तर तेवढाच (+) त्याच्या जोडीला धरायचा, ९२.८ टक्के रेसिमिक आणि उरलेला ७.२ टक्के केवळ (+). पण तो ७.२ टक्के झाडाचा कापूर मिसळल्याने आला की प्रकाशसक्रिय पायनीनपासून निघालेल्या कॅम्फीनमध्ये रूपपालट अपुरी राहिल्याने आला, हे कापराच्या प्रमाणावरून सांगता येत नाही. दोन्ही शक्य आहेत. फरक करायचा असेल तर आयसोबोर्निऑलचं प्रमाण बघा. त्यातही तोच थोडासा कल दिसला तर तो कल कारखान्याच्या कॅम्फीनपासूनच आलेला. फक्त चिन्हांत अडकू नका: (+)-कापराशी त्याच सांगाड्याचं आयसोबोर्निऑल (−) असतं आणि बोर्निऑल (+). आयसोबोर्निऑल अगदी ५०:५० आणि सोबत १,८-सिनिओल, सॅफ्रोल यांचे बारीक पीक सापडले तर मात्र कापराच्या तेलाची भर असण्याची शक्यता विचारात घ्या. त्यासाठी १० मिग्रॅ प्रति मिलिचं द्रावण साध्या कॉलमवर स्प्लिट कमी करून चालवा.

उलट बाजूही सांगून ठेवतो. नमुना निव्वळ (−) आला असता तर त्याला लगेच 'कृत्रिम' म्हणता आलं नसतं. फीव्हरफ्यू, म्हणजे टॅनासेटम पार्थेनियम, (−)-कापूर बनवते. निसर्ग नेहमी उजवाच असं नाही. कुठल्या वनस्पतीचा दावा आहे हे विचारल्याशिवाय कायरल निकालाचा अर्थ लावता येत नाही.

अहवालात मी एवढंच लिहीन: 'नमुन्याचा मुख्य घटक कापूर, ९६.८ टक्के. बोर्निऑल ०.६ टक्के, त्यामुळे भीमसेनी कापराच्या वर्णनाशी नमुना जुळत नाही. कापराचं (+) : (−) प्रमाण ५३.६ : ४६.४, रिझोल्यूशन २.०, तीन इंजेक्शनं. आयसोबोर्निऑल १.१ टक्के, कॅम्फीन ०.५ टक्के. हे निष्कर्ष टर्पेंटाइनपासून संश्लेषित कापराशी सुसंगत आहेत.' कॉलमचा प्रकार, तापमान-क्रम आणि रेसिमेटचा क्रोमॅटोग्राम जोडपत्रात द्या. तो औषध बनवणारा पोटात घेण्याच्या औषधात हे वापरणार असेल तर पहिलं वाक्य फोनवरही सांगा. बोर्निऑल समजून ठरवलेली मात्रा कापराला लागू होत नाही, आणि कापूर पोटात गेल्यावर लहान मुलांना झटके येऊ शकतात.

तपासणीस

आयसोबोर्निऑलची जोडी डाय-ॲसिटिल कॉलमवर चिकटूनच येते, ॲसिटेट करून पुन्हा चालवतो. फोन आजच करतो. या कॉलमची निगा कशी ठेवायची, दर वेळी रेसिमेट चालवायचा का?

सावकाश

हो, रोज पहिलं इंजेक्शन रेसिमेटचं. त्याचं रिझोल्यूशन वहीत लिहा. २.० वरून हळूहळू १.६ वर आलं तर आधी इनलेटच्या बाजूचा अर्धा मीटर कापा आणि लायनर बदला, बहुतेक वेळा तेवढ्याने परत येतं. नाही आलं तर थर गेला. वायूच्या वाटेत ऑक्सिजन आणि ओलीचे सापळे हवेतच. नवा कॉलम बसवताना वायू १५ मिनिटं थंडच वाहू द्या, मग मिनिटाला २ अंशांनी कमाल मर्यादेच्या २० अंश खाली नेऊन २ तास ठेवा. काम नसताना ओव्हन ५० ते ६० वर आणि वायू चालू. टोकं बंद करून काढून ठेवायचा असेल तर पूर्ण थंड झाल्यावरच काढा.

ॲसिटेटचं द्रावण चालवण्याआधी एकदा कोऱ्या अभिकर्मकाचं, म्हणजे नमुना न घालता तीच सगळी कृती करून, इंजेक्शन द्या. बोर्निल आणि आयसोबोर्निल ॲसिटेट साध्या कॉलमवर १२८३ ते १२८७ च्या दरम्यान एकमेकांना चिकटून निघतात, म्हणून तिथे त्यांची नावं ठरवू नका. दोन्ही शुद्ध ॲसिटेट कायरल कॉलमवरच चालवून जागा पक्क्या करा.